साठ चादरींचा पाळणा

शिंपीणकाकूंच्या दुकानात लालवाल्यांचे कपडे ठरल्या दिवशी मिळत आणि पिवळेवाल्यांचे, काकूंना आठवण झाली तर. एका पिवळ्याची पँट त्यांनी सव्वा महिना खुंटीला टांगून ठेवली होती. तो बिचारा चौथ्या खेपेला आला तेव्हा, "उंची कमी करायची होती ना? म्हटलं तोवर तुम्हीच वाढाल," असं सुनावून त्याला तसाच परत धाडला. फुटबॉल हा एक खेळ आहे, असं समजणाऱ्या भोळ्या माणसांपैकी काकू नव्हत्या. शहरात संघ दोन, लाल आणि पिवळा. त्यातला पिवळा देवाने कशासाठी घडवला हे त्यांना पन्नाशी उलटली तरी उमगलं नव्हतं.

आणि नशीब बघा, एकुलत्या एका लेकीने नेमका पिवळा जावई आणला. लिफ्ट दुरुस्त करणारा, सरळमार्गी, सासूला तोंड भरून 'आई' म्हणणारा. "पोरात खोट नाही हो, फक्त रविवारी त्याचं डोकं फिरतं," असं काकू पाहुण्यांना सांगत. एरवी तो जावईबापू, पण लाल संघ हरला की दुसऱ्या दिवशी त्याला चहात साखर मिळत नसे.

दोन संघांचा आपसातला सामना वर्षातून दोनदा. त्या दिवशी लालवाले एक भलंमोठं रंगवलेलं कापड आपल्या गॅलरीवर पसरत. खालची माणसं हात वर करून ते डोक्यावर तोलून धरत आणि समोरच्या पिवळ्यांना चित्र दिसे. गेली अकरा वर्षं ते कापड काकूच शिवत होत्या. इतकं कापड बाजारभावाने घ्यायला कोण बसलंय? त्यांनी युक्ती काढली होती. बाल रुग्णालयातल्या विरलेल्या चादरी चिंध्या म्हणून वजनावर विकल्या जात. काकू त्यातल्या बऱ्यातल्या बऱ्या निवडून आणत आणि एकमेकींना जोडत. प्रत्येक चादरीवर रुग्णालयाचा निळा शिक्का असे, तो त्या न चुकता खालच्या बाजूला घेत. रंग वर, शिक्का खाली. शिवण दुहेरी दुमडीची, वरून दोनदा टाके. "माझी शिवण उसवली तर नाव बदलेन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदाच्या कापडाला साठ चादरी लागल्या. पिवळ्यांच्या गोलरक्षकाने मागच्या तीन सामन्यांत चार असे गोल खाल्ले होते की शाळेतल्या पोरानेही अडवले असते. चेंडू येतोय आणि हा आपला कुठेतरी तिसरीकडेच बघतोय. "झोपेत असतो मेला," असं काकू म्हणाल्या आणि तिथेच चित्र ठरलं. पाटीवाल्या पेंटरने मोठा थोरला पाळणा काढला, त्यात मिशा असलेला गोलरक्षक, तोंडात अंगठा. गाणंही काकूंनीच जुळवलं, अंगाईच्या चालीवर: 'चेंडू गेला जाळ्यात, बाळ निजलं पाळण्यात.' लालवाल्यांच्या मंडळाचा ढोलवाला ते ऐकून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. काकूंनी ते लेकीला फोनवर म्हणून दाखवलं, तीही पोट धरून हसली.

सामना दुपारचा होता. ऊन लख्ख. ढोलवाल्याने काठी उगारली, कापड सरसर वर चढलं आणि चार हजार माणसांनी अंगाई धरली. काकू दुसऱ्या रांगेत, कापडाच्या कडेला. त्यांचा आवाज असा की मंडळात माइक बिघडला तरी कुणाचं काही अडत नसे. त्या दिवशी तो आणखी लागला होता.

गोलरक्षक कापडाकडे बघत उभा राहिला. लालवाल्यांना आणखी चेव आला. मग चेंडू त्याच्या बाजूने आला आणि संथपणे त्याच्या पायाजवळून जाळ्यात गेला. त्याने हातसुद्धा हलवला नाही. गॅलरी वेडी झाली. काकूंनी शेजारणीला मिठी मारली. पुन्हा मैदानाकडे बघितलं, तर तो गोलच्या रेषेवर खाली बसला होता. हातमोजे घातलेले दोन्ही हात तोंडावर.

"नाटक बघा मेल्याचं!" काकू ओरडल्या.

पण त्याच्या संघातली पोरं त्याच्याकडे धावली होती आणि रेफ्रीने शिट्टी वाजवली नव्हती, नुसता उभा होता. समोरची पिवळी गॅलरी, जिथून एव्हाना शिव्यांचा भडिमार व्हायला हवा होता, ती चिडीचूप. काकूंच्या हातातला फोन थरथरला. जावयाचा निरोप होता.

'आई कापड काढा. आत्ता. त्याची मुलगी बाल रुग्णालयात आहे. तीन वर्षांची. मेंदूचा ताप. एकोणीस दिवस झाले, डोळे उघडले नाहीत. आम्हालाही आत्ताच कळलं.'

काकूंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या तोंडात अंगाईचा अर्धा शब्द होता तो तसाच राहिला. अंगातलं रक्त पायाशी उतरलं म्हणतात ना, ते नुसतं म्हणायचं नसतं हे त्यांना तेव्हा समजलं.

"काढा!" त्या किंचाळल्या. "खाली घ्या ते!"

पण चार हजार माणसांच्या गाण्यात एका बाईचं कोण ऐकणार? ज्यांच्या डोक्यावर कापड होतं त्यांना तर मैदानही दिसत नव्हतं. ते आपले हात वर करून मनापासून म्हणत होते. काकूंनी कड ओढली. वरून उलट ओढ बसली. तेव्हा त्या सरळ कापडाखाली घुसल्या.

आत उजेड मंद होता. गाणं दबून येत होतं. काकूंनी पर्समधून उसवणी काढली, टाके उसवायचं ते बोटभर दुतोंडी हत्यार, आणि वर बघितलं. डोक्यावर शिक्केच शिक्के होते. बाल रुग्णालय. बाल रुग्णालय. बाल रुग्णालय. साठ वेळा, निळ्या शाईत, नजर जाईल तिथवर. त्यातल्या एखाद्या चादरीवर कोणाचं मूल निजलं असेल, कोणाचं उठलं असेल, कोणाचं उठलंच नसेल, हा विचार अकरा वर्षांत त्यांना एकदाही शिवला नव्हता. आता तो येऊन आदळला.

त्यांनी उसवणी शिवणीत घातली. शिवण हटेना. दुहेरी दुमड, दोनदा टाके, सगळं स्वतःच्या हातचं. त्या दात-ओठ खात टाके तोडू लागल्या. कुणीतरी त्यांचा दंड पकडला, "ए, कोण फाडतंय? पिवळी घुसली रे!" दुसऱ्याने पाठीत धक्का दिला. मग कुणी ओळखलं, "अहो, काकू आहेत! काकू, वेड लागलं का?" हातभर शिवण उसवून त्या भोकातून बाहेर आल्या आणि ढोलवाल्याच्या नाकासमोर फोन धरला.

ढोलवाला दिवसभर गॅसचे सिलिंडर जिने चढवणारा आडदांड गडी. त्याने वाचलं आणि त्याचा हात वरच्या वर थांबला. ढोल थांबला तसं गाणं तुकड्यातुकड्याने विझलं. सगळ्यात शेवटी वरच्या कोपऱ्यातले दहा-बारा जण म्हणत राहिले, कारण त्यांना काहीच कळलं नव्हतं. त्या शांततेत त्यांचं ते 'बाळ निजलं पाळण्यात' अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं.

तीन दिवस काकूंनी दुकान उघडलं नाही. बातम्यांत ते कापड शंभरदा दाखवलं. 'हे शिवणाऱ्याला मन आहे की नाही?' असं कोणी विचारत होतं, आणि काकूंना वाटत होतं, बरोबर विचारतोय. ढोलवाला येऊन हळू आवाजात सांगून गेला, "काकू, विचारलं तर सगळं मंडळाने केलं. तुमचं नाव कुणाच्या तोंडून जायचं नाही." लेक आली, बाजूला बसली आणि म्हणाली, "आई, मीही हसले होते गं." मग दोघी रडल्या.

नाव झाकलं गेलं म्हणून काकूंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. त्या पोरीच्या आईसमोर उभं राहून 'ते मी शिवलं' असं आपल्याला म्हणता येईल का, एवढा एकच प्रश्न त्यांना खाऊ लागला. जेवताना तो, भांडी घासताना तो.

चौथ्या दिवशी त्या रुग्णालयात गेल्या. वर वॉर्डात जायचं धाडस नव्हतं, म्हणून तळघरातल्या चादरींच्या खोलीत, ओळखीच्या स्टोअरकीपरकडे. तो नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून सगळ्या जगावर रुसलेला माणूस.

"चिंध्या नाहीत आत्ता," तो न बघताच म्हणाला.

"चिंध्या नकोत. तुम्हाला काय कमी आहे ते सांगा."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "चादरी. लोक खेळणी देतात, भिंतीवर कार्टून रंगवून देतात, खाली आपलं नाव घालतात. चादरीवर कोण नाव घालणार? रोज बदलायची चादर आम्ही एकाआड एक दिवस बदलतो. ताप असलेलं पोर घामाने भिजतं, ते तसंच निजतं."

"मग मला विकल्यात कशाला?"

"त्या विरलेल्या होत्या, बाई. भोकात पोरांची बोटं अडकतात."

काकू तिथून थेट ढोलवाल्याकडे गेल्या. साठ चादरी मी फाडल्या, सहाशे भरून देईन, घरटी एक नवी चादर आणा, म्हणाल्या. लालवाले शरमेने आधीच अर्धे झाले होते. चार दिवसांत मंडळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एकाहून एक चादरी, काही जाड, काही मऊसूत, आणि एकजात सगळ्या लाल. लालवाल्यांच्या घरात दुसरं निघणार काय? उलट त्यांना त्याचा अभिमानच. सिलिंडरच्या गाडीत तीनशे चादरी रचून काकू आणि ढोलवाला रुग्णालयाच्या मागच्या दाराशी उभे राहिले.

स्टोअरकीपरने वरचा गठ्ठा उघडला आणि पुन्हा बांधला. "लाल चालत नाही."

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली. "इथेसुद्धा रंग? पोरं आजारी आहेत हो! तुम्ही पिवळे आहात का?"

"मी फुटबॉल बघत नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "बाई, लाल चादरीवर रक्त दिसत नाही. सुई निसटली, टाका उसवला, नर्सला लांबून दिसायला हवं. लाल चादरीवर पोराचं रक्त जात राहील आणि सकाळी कळेल."

ढोलवाल्याने गठ्ठा पुन्हा गाडीत टाकला. काकूंना तर कुणी कानशिलात मारल्यासारखं झालं. आयुष्यभर अंगाखांद्यावर मिरवलेला रंग, आणि तो असा, की त्यात मूल गेलेलं दिसू नये. तीनशे चादरी घेऊन गाडी आली तशी परत फिरली.

त्या संध्याकाळी जावयाने साखर मागितली नाही, काकूंनीच दोन चमचे जास्त घातली आणि सगळं सांगितलं. "पांढऱ्या हव्यात रे. आमच्या लोकांकडे आता दुसऱ्यांदा कुठून मागू?" जावई चहा पिऊन उठला, "बघतो," म्हणाला आणि गेला.

रविवारी सकाळी दुकानाची फळी अर्धी उघडली असतानाच काकूंना कोपऱ्यावर पिवळा रंग दिसला. तीस-चाळीस जण. सगळे संघाचे शर्ट घालून, रस्ता अडवून, सरळ दुकानाच्या दिशेने. पुढे एक गलेलठ्ठ मिशाळ बाप्या. काकूंना वाटलं, झालं, जावयाने नाव सांगितलं. फळी ओढून घ्यावी म्हणून त्यांनी हात घातला आणि मग घातलेला हात तसाच ठेवला. फोडू देत काचा. निदान कुणाला तरी खरं कळलं म्हणायचं.

मिशाळ पुढे आला. खांद्यावरचा गठ्ठा त्याने पायरीवर ठेवला. आत पांढरंशुभ्र कापड होतं, अख्खं ठाण. त्याच्या मागच्यांकडेही तेच. कुणाकडे चादरी, कुणाकडे कापड.

"तुमच्या जावयांनी सांगितलं तुम्हा लोकांचं काय झालं ते," तो म्हणाला. "हसू नका, पण आमच्याही आधी दोनशे पिवळ्याच जमल्या होत्या. तळघरातल्या त्या म्हाताऱ्याने परत पाठवल्या. उलटी आणि लघवी दिसत नाही म्हणाला."

त्याने ठाणाचं टोक उलगडून काकूंपुढे धरलं.

"कडा शिवून द्याल का? आमच्यात शिवणारं कोणी नाही. पिवळ्यांचं काम तुम्ही लटकवून ठेवता हे गावाला ठाऊक आहे," तो म्हणाला, "पण एवढं काम तरी वेळेवर द्या, काकू."

त्यांना काहीच माहीत नव्हतं. जावयाने नाव सांगितलं नव्हतं. समोर उभ्या माणसांनी आपल्या गोलरक्षकाच्या लेकीसाठी आणलेलं कापड नेमकं त्याच हातांत ठेवलं होतं. काकूंनी गठ्ठा उचलला आणि आत मशीनजवळ नेऊन ठेवला.

आठवडाभर मशीन थांबलं नाही. बाकावर एकीकडे लालवाले बसून कापड फाडत, दुसरीकडे पिवळेवाले घड्या घालत. एकमेकांना टोमणे मारत, पण खालच्या पट्टीत. ढोलवाल्याने लाल चादरी बाजारात बदलून आणखी पांढरं कापड आणलं. काकूंनी पुन्हा दुहेरी दुमडच घातली, वरून दोनदा टाके.

पुढच्या शनिवारी सकाळी पहिल्या दोनशे चादरी घेऊन त्या तळघरात गेल्या. स्टोअरकीपर म्हणाला, धुऊन वाळून आलेल्यांच्या आधी घड्या करा, मग नव्या मोजून घेतो. एक बाई तिथे आधीच घड्या करत होती. अंगावर चुरगळलेले कपडे, केस कसेतरी बांधलेले. मुलांसोबत राहणाऱ्या आया रिकाम्या वेळात असं काहीबाही काम करत. तिने न बोलता एका चादरीची दोन टोकं काकूंच्या हातात दिली. चादर ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं, पुन्हा मागे जायचं. चार-पाच चादरी झाल्या.

"छान शिवल्यात," ती नव्या गठ्ठ्याकडे बघून म्हणाली. "आमच्या लोकांनी आणि लालवाल्यांनी मिळून दिल्यात म्हणे."

"तुमचे लोक म्हणजे?"

"हिचे मिस्टर गोलरक्षक आहेत ना," स्टोअरकीपर मागून म्हणाला, जणू आज वार कोणता ते सांगतोय.

काकूंच्या हातात चादरीची टोकं होती. समोरच्या दोन टोकांना ती बाई होती. मध्ये हातभर पांढरं कापड. पळून जायचं तर टोकं सोडावी लागणार होती.

"ते कापड मी शिवलं," काकू म्हणाल्या. "पाळण्याचं. गाणंही माझंच. मंडळाचं काही नाही, सगळं माझं."

ती बाई चालत येत होती, ती थांबली. तिने टोकं सोडली नाहीत. तिची नखं कापडात रुतली होती.

"हसलात?"

"हो. सगळ्यांत मोठ्याने."

"मी टीव्हीवर बघत होते. तिच्या शेजारी बसून." तिने खालचा ओठ दातांखाली धरला. "तिकडे दुसरा कुणी असता तर मीही हसले असते. पण तो माझा नवरा होता."

"मला माफ…"

"ते आत्ता नको," ती कोरडेपणाने म्हणाली. "खरंच नको. मला त्याला वेळ नाही. करेन की नाही तेही ठाऊक नाही." तिने चादर जुळवली, घडी घातली, काखोटीला मारली. "नऊ वाजता तिची चादर बदलायची असते. उचलायला दोघी लागतात. ते सरावाला गेलेत. चला."

"मी?"

"इथे दुसरं कोण आहे?"

काकू जिना कशा चढल्या ते त्यांना आठवत नाही. खिडकीजवळच्या पलंगावर ती पोर होती. नाकात नळी, डोळे मिटलेले, डोकं भादरलेलं. नर्सने नळी सांभाळून धरली आणि काकूंना म्हणाली, "मानेखाली एक हात, गुडघ्यांखाली एक. सावकाश." तीन वर्षांच्या मुलाचं वजन काकूंच्या हातांना ठाऊक होतं, त्यांनी लेकीला वाढवलं होतं. त्या हिशेबाने त्यांनी जोर लावला आणि पोर एकदम वर आली. वजनच नव्हतं. काकूंना हुंदका आला तो त्यांनी घशातच दाबला, कारण पोर त्यांच्या छातीशी होती आणि तिला हिसका बसला असता.

नर्सने मागे स्टूल सरकवलं. काकू बसल्या. आईने जुनी चादर ओढून काढली, नवी पसरली. कोपरे गादीखाली खोचले, सुरकुत्या तळव्याने एकेक करून काढल्या. मग ती खुर्चीवर टेकली, गादीवर हात ठेवला, हातावर डोकं ठेवलं. पोरीची चादर नीट झाली का ते बघायला वाकली असावी, असं काकूंना वाटलं. ती उठली नाही. तिचा श्वास लांब झाला होता. ती झोपली होती.

काकू बघत राहिल्या. जिने त्यांना माफ केलं नव्हतं, ती आपली लेक त्यांच्या हातात देऊन झोपली होती.

नर्सने ओठांवर बोट ठेवलं. "चाळीसेक दिवसांत पहिल्यांदा," ती कुजबुजली. "दहा मिनिटं. धरवेल ना?"

काकूंनी मान हलवली. हात भरून आले, मग बधिर झाले. मानेला पोरीचा श्वास लागत होता, एक झाला की त्या पुढच्याची वाट बघत होत्या.